‘अजून काही केलं तर नाही ना त्यानं?’

२०२३ च्या पावसाळ्यात मी माझ्या मावसबहिणीच्या मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते. पोरगी तेवीस वर्षांची, एका खासगी लॅबमध्ये कामाला. आधीच्या नोकरीतला एक जण लग्न कर म्हणून मागे लागला होता, हिनं दोनदा स्पष्ट नाही सांगितलं, मग नंबर ब्लॉक केला, मग तो दुसऱ्या नंबरवरून, मग तिसऱ्या, असे सहा नंबर झाले. आधी सॉरी, प्लीज, एकदा भेट. मग शिव्या. मग एक दिवस तिच्या बिल्डिंगच्या गेटचा फोटो आला, आत लावलेली तिची स्कूटी त्यात दिसत होती, आणि खाली लिहिलेलं, दुसऱ्याशी लग्न ठरव, मांडवातच येतो बघ. त्यानंतर चार दिवस ती कामावर गेली नाही आणि पाचव्या दिवशी मला फोन करून म्हणाली, मावशी, येशील का माझ्यासोबत, पण बाबांना नको सांगूस.

ठाण्यात बाकावर पाऊण तास बसलो. साहेब राऊंडला गेलेत, बसा. मग ठाणे अंमलदारानं बोलावलं, मोबाईल हातात घेतला, अंगठ्यानं वरखाली केलं आणि विचारलं, “अजून काही केलं तर नाही ना त्यानं? हात वगैरे लावला?” ती म्हणाली, नाही. “मग ठीक आहे,” ते म्हणाले. आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता, उलट दिलासा दिल्यासारखंच बोलले ते, आणि तेच मला आजपर्यंत डाचतंय, कारण त्यांच्या लेखी ती खरंच चांगली बातमी होती.

मग म्हणाले स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा, दोन सेट. ठाण्यासमोरच झेरॉक्सचं दुकान. तिथल्या पोरानं व्हॉट्सॲपवर सगळे फोटो मागवून घेतले, एकेक उघडून प्रिंट देत होता, देताना वाचत होता, न वाचून करणार काय, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलेलं. मागे दोन माणसं आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभी. ही रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, ओढणी दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि प्रिंट मी घेतल्या. सत्तावीस पानं. परत आलो तर अंमलदाराची ड्युटी बदललेली, नवीन माणसाला पहिल्यापासून सांगितलं. शेवटी हातात एक कागद मिळाला, कार्बन ठेवून लिहिलेला, अदखलपात्र गुन्हा, कलम ५०४, ५०६, म्हणजे अपमान आणि धमकी, आणि शेवटी ती ओळ, फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज देण्यात आली आहे. यालाच सगळे एनसी म्हणतात. ज्या ज्या बाईनं धमकीची तक्रार करून पाहिलीय तिच्या घरी कपाटात हा कागद असतो.

मला ह्या लेखात एवढंच म्हणायचंय की सगळा घोळ त्या ‘अजून’ ह्या शब्दात आहे. बाईला धमकी येते तेव्हा ती जिवंत असते, धडधाकट असते, माणूस कोण ते माहीत असतं, त्याचा नंबर, कंपनी, गाव सगळं माहीत असतं, म्हणजे सरकारला काही करता येण्यासारखी जी काय वेळ असते ती हीच, आणि नेमक्या ह्याच वेळी आपली यंत्रणा म्हणते की अजून काही झालेलं नाही. झाल्यावर मात्र सगळे येतात. फॉरेन्सिकची गाडी येते, पालकमंत्री येतात, आयोग येतो, फास्ट ट्रॅकची घोषणा होते.

कायद्यात काय आहे ते मी तेव्हा वाचलं, वकील नाहीये मी, पण समजून घेतलं. जीवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आधी भारतीय दंड संहितेत ते ५०६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५१ झालं. म्हणजे कागदावर गुन्हा गंभीर आहे. पण कायद्याच्या मूळ तक्त्यात धमकी अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटचा हुकूम असल्याशिवाय पोलिसांनी तपासच करायचा नाही, आणि तो हुकूम आणायला कोर्टात कुणी जायचं तर जिला धमकी आलीय तिनं. लॅबमध्ये पंधरा हजारावर काम करणाऱ्या पोरीनं वकील करायचा, रजा टाकायच्या, तारखा घ्यायच्या, कशासाठी, तर पोलिसांनी एक फोन लावावा म्हणून.

आणि आमच्या केसमध्ये तर ते नुसतं ५०६ नव्हतंच. नाही म्हणून सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा मेसेज करणं, पाठलाग करणं ह्याच्यासाठी २०१३ पासून वेगळं कलम आहे, ३५४ ड, आताचं ७८, आणि ते दखलपात्र आहे, त्याला एफआयआरच करावा लागतो. ललिता कुमारी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगितलं की तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. सत्तावीस पानं समोर असताना त्या अंमलदारानं ५०४, ५०६ का लिहिलं? माझा अंदाज असा की एनसी लिहिली की कागद बंद होतो. एफआयआर लिहिला की तपास अधिकारी नेमा, जबाब घ्या, मोबाईल कंपनीला पत्र लिहा, चार्जशीट करा, आणि शिवाय ठाण्याच्या हद्दीत महिलांवरच्या गुन्ह्यांचा आकडा एकानं वाढतो, मग क्राइम मीटिंगला साहेबांना त्याचं उत्तर द्यावं लागतं. एनसी त्या आकड्यात धरतच नाहीत. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे काढणाऱ्या एनसीआरबीच्या अहवालात २०२२ साली देशात महिलांवरचे ४ लाख ४५ हजारांच्या वर गुन्हे आहेत, त्यावर चॅनलवर तासतासभर चर्चा होतात, पण ते सगळे दखलपात्र, नोंदवलेले. आमचा कागद त्यात नाही, तुमच्या ओळखीतल्या कुणाचा असेल तर तोही नाही.

पाठलागाचं कलम आलं ते कसं आलं हेही आठवावं. दिल्लीची डिसेंबर २०१२ ची निर्भयाची घटना झाली, कायदा सुधारायला नेमलेल्या वर्मा समितीनं महिन्याभरात रिपोर्ट दिला, मार्च २०१३ मध्ये संसदेत विधेयक आलं, आणि त्या चर्चेत शरद यादवांसारखा ज्येष्ठ नेता उभा राहून म्हणाला की आपल्यापैकी असा कोण आहे ज्यानं मुलींचा पाठलाग केला नाही? शेवटी कलम ठेवलं पण पहिल्या वेळचा पाठलाग जामीनपात्र करून. त्याच वर्षी आणखी एक चांगली तरतूद आली होती, बाईची तक्रार नोंदवून घेतली नाही तर त्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी, तेव्हाचं १६६ अ, आताचं १९९. मला वाटलं सापडलं, हेच दाखवू. मग त्याखालची कलमांची यादी वाचली. बलात्कार आहे, विनयभंग आहे, ॲसिड आहे, चोरून बघणं आहे, शेरेबाजीही आहे. पाठलाग नाही. धमकी नाही. ७७ आहे, ७९ आहे, मधलं ७८ वगळलेलं आहे. मी तीनदा वाचलं. म्हणजे ज्या दोन गुन्ह्यांत वेळेत नोंद झाली तर जीव वाचू शकतो त्याच दोन गुन्ह्यांत नोंद न करणाऱ्याला ह्या कलमानं काहीही होत नाही, २०१३ ला नाही आणि दहा वर्षांनी सगळे कायदे नव्यानं लिहिले तेव्हाही नाही.

आता कुणी म्हणेल की बाई, घडलंच नाही त्याच्यावर पोलीस कारवाई कशी करणार. हा मुद्दा मला खूप जणांनी सांगितला, शिकलेल्या माणसांनी सांगितला. पण घडायच्या आधी कारवाई करायचं आपल्या पोलिसांना पूर्ण जमतं, रोज करतात. मुख्यमंत्र्यांचा दौरा असला की काळे झेंडे दाखवतील म्हणून कार्यकर्त्यांना आदल्या रात्री ठाण्यात बसवून ठेवतात. गणपतीच्या आधी, निवडणुकीच्या आधी गुन्हा करू नका अशी ताकीद देणाऱ्या नोटिसा, जुन्या १४९ च्या, घरोघरी जातात. चॅप्टर केस म्हणजे काय हे गल्लीतल्या पोराला पण माहीत असतं, जुनं १०७, शांतता भंग होण्याची शक्यता आहे म्हणून तहसीलदारासमोर नाहीतर एसीपीसमोर उभं करतात आणि वर्षभर नीट वागेन असं लिहून घेतात. तडीपारी आहे. ह्या सगळ्याचा पायाच ‘होऊ शकतं’ हा आहे. मोर्चा निघू शकतो, दंगल होऊ शकते, झेंडा दाखवला जाऊ शकतो, ह्याच्यासाठी शक्यता पुरते, आणि एका मुलीला मारू शकतो, ह्याच्यासाठी मात्र आधी मारावं लागतं. कलमं तीच, ठाणी तीच, माणसं तीच. फरक हा की मंत्र्याला काही झालं तर ठाण्याच्या इन्चार्जची बदली होते हे सगळ्यांना माहीत असतं.

वसईच्या श्रद्धा वालकरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे पण तिचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात आहे, फ्रीज आणि दिल्ली. मला आठवतो तो नोव्हेंबर २०२० चा कागद. त्या मुलीनं नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं की हा मला मारतो, आज गळा दाबायचा प्रयत्न केला, तुकडे करून फेकून देईन म्हणतो. तुकडे हा शब्द त्या कागदावर दीड वर्ष आधी आहे. मे २०२२ मध्ये ती गेली, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते उघडकीला आलं, तिच्यासोबत राहणाऱ्या माणसावर दिल्लीत खटला चाललाय. हे पत्र बाहेर आल्यावर पोलिसांकडून उत्तर आलं की नंतर तिनंच आमच्यात भांडण राहिलं नाही असं लिहून दिलं, म्हणून प्रकरण बंद केलं. चौकशी करू असं तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीसही म्हणाले.

मला ह्या ‘लिहून दिलं’ वर थांबायचंय, कारण लोक तिथं येऊन गप्प होतात, की बघा, तिनंच मागे घेतली. अहो, जो माणूस तुकडे करीन म्हणतो त्याच्याच घरात ती राहत होती. तक्रार दिल्यावर रात्री ती कुठं गेली असेल? त्याच घरी. अशी तक्रार बाई मागे घेते तेव्हा भांडण मिटलेलं असू शकतं, आणि तक्रार का केलीस म्हणून तिला त्याहून मोठी धमकी आलेली असू शकते, आणि ह्या दोन्हीतलं काय झालंय हे विचारायचं काम कुणाचंतरी असायला हवं होतं. तिला एकटीला बसवून, त्याला बाहेर ठेवून, एखाद्या महिला पोलिसानं अर्धा तास बोलायला हवं होतं. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, लिव्ह-इनमधल्या बाईलासुद्धा तो लागू आहे, त्यात संरक्षण अधिकारी आहे, संरक्षणाचा आदेश आहे, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यातच लिहिलंय. पोलिसांनी तक्रार आल्याबरोबर बाईला हे सगळं सांगायचं असतं, हेही त्या कायद्यातच आहे. सांगितलं तरी पुढचा रस्ता सोपा नाही, कारण संरक्षण अधिकारी हा बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच कामाचा माणूस असतो, अंगणवाड्या बघता बघता हेही बघणारा, आणि साठ दिवसांत निकाल लागलेली बाई मला तरी अजून भेटलेली नाही.

आणि त्या नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य महिला आयोगाला अध्यक्षच नव्हत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये विजया रहाटकरांनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये रूपाली चाकणकरांची नेमणूक झाली, मधे जवळजवळ वीस महिने खुर्ची रिकामी. कोविडचा सगळा काळ त्यात आला, बायका मारणाऱ्या माणसासोबत घरात कोंडलेल्या होत्या तोच काळ. अध्यक्ष असत्या तर ती वाचली असती असं मी म्हणत नाहीये, तसं कुणीच सांगू शकत नाही. पण वीस महिने ते पद न भरता राहू शकलं आणि त्यामुळे कुठल्या सरकारला एक दिवस झोप लागली नाही असं झालं नाही, ही गोष्ट मला आयोगाच्या सगळ्या पत्रकार परिषदांपेक्षा जास्त सांगून जाते. निर्भया निधीचंही तसंच, २०२२ च्या डिसेंबरात बातमी आली की त्या निधीतून मुंबई पोलिसांनी घेतलेल्या बोलेरोंपैकी काही गाड्या आमदार-खासदारांच्या संरक्षणाला दिल्या. बायकांच्या सुरक्षेसाठी घेतलेली गाडी पुढाऱ्याच्या मागे फिरते हे वाचून मी पेपर खाली ठेवला होता, आठवतंय मला.

पुण्यात २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर सकाळी एक मुलगा कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. आमची ठाण्याची वारी ह्याच्या पुढच्या महिन्यातली, म्हणून तर पोरगी इतकी घाबरली होती, तो व्हिडिओ तिनं दहा वेळा बघितला होता. ती मुलगी वाचली ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका पोरामुळे, त्यानं स्वतःचा जीव धोक्यात घालून कोयता धरला. जवळच पेरुगेट पोलीस चौकी, तिथं त्या वेळी माणूस नव्हता, नंतर तीन पोलीस निलंबित झाले. तो आधीपासून धमक्या देत होता, त्याच्या घरच्यांनाही सांगितलं होतं, असं त्या मुलीनं पत्रकारांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी हेडिंग काय, एकतर्फी प्रेमातून हल्ला. १९९० ला उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून मुलीला जाळलं तेव्हाही एकतर्फी प्रेम, १९९८ ला सांगलीत भर रस्त्यात मुलीला भोसकलं तेव्हाही एकतर्फी प्रेम. पत्रकारांना हात जोडून विनंती आहे, त्या हेडिंगमधून प्रेम हा शब्द काढा. ठाण्यातला अंमलदार पण तोच पेपर वाचतो, आणि मग त्याला समोरच्या पोरीची तक्रार ही प्रेमप्रकरणाची भानगड वाटते, मिटवून टाकण्यासारखी.

मोठं काही घडलं की फाशीची मागणी येते. हिंगणघाटला ३ फेब्रुवारी २०२० ला नंदोरी चौकात त्या प्राध्यापक मुलीला जाळलं, १० तारखेला ती गेली, राज्यभर बंद झाले, आणि मग शक्ती कायदा आला, कडक शिक्षा, मृत्युदंड, लवकर तपास. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत एकमतानं पास झाला, राष्ट्रपतींकडे गेला, आणि मंजुरी काही मिळाली नाही. त्यावर एकमेकांवर आरोप खूप झाले. मी प्रामाणिकपणे सांगते, तो कायदा लागू असता तरी माझ्या भाचीच्या हातात तोच एनसीचा कागद पडला असता. फाशी ही मेल्यानंतरची गोष्ट आहे. हिंगणघाटच्या आरोपीला बरोबर दोन वर्षांनी जन्मठेप झाली, आपल्याकडच्या मानानं लवकरच, आणि ती व्हायलाच हवी होती, पण लोक रस्त्यावर येऊन फक्त शिक्षेबद्दल बोलतात तेव्हा ठाण्याच्या टेबलावरच्या पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल कुणी बोलत नाही, आणि सरकारलाही ते सोयीचं पडतं, कारण विधेयक आणणं सोपं, त्या टेबलावरच्या माणसाची सवय बदलणं अवघड.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या मुलींच्या आईबापांना एफआयआरसाठी तासन्‌तास थांबवून ठेवलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा कुठे हललं सगळं. फलटणच्या डॉक्टर मुलीनं, ऑक्टोबर २०२५ मध्ये जी गेली तिनं, काही महिने आधी पोलिसांबद्दलच वरिष्ठांकडे लेखी तक्रार दिली होती, हे ती गेल्यावर समोर आलं. सरकारी नोकरीतली डॉक्टर, तिचा कागद कुणी हलवला नाही, मग बाकीच्यांचं काय? आणि ठाणं हेच बाईला धोक्याचं वाटतं ह्याची मुळं तर फार जुनी आहेत, आपल्याच राज्यात, १९७२ चं देसाईगंज, पोलीस ठाण्याच्या आवारातच आदिवासी मुलीवर अत्याचार, आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टानं त्या दोन पोलिसांना सोडलं. त्यावर चार कायद्याच्या प्राध्यापकांनी कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठं १९८३ ला कायदा बदलला.

खोट्या तक्रारींचं म्हणाल तर असतात, मी नाही म्हणत नाही. पण मी काय मागतेय ते बघा. कुणालाही तुरुंगात टाका म्हणत नाहीये. त्याला बोलवा, समोर बसवा, नाव-पत्ता लिहून घ्या, वर्षभराचा बाँड घ्या. खरंच काही केलं नसेल तर त्याचं काय जातंय? एक दिवस. मनुष्यबळ कमी आहे हेही खरं आहे, बंदोबस्तात पोलिसांचे हाल होतात, सोळा सोळा तास उभे असतात, मला त्यांच्याबद्दल राग नाहीये. पण खून झाल्यावर जी पाच पथकं तयार होतात, दहा गावं पालथी घालतात, ड्रोन उडवतात, ते मनुष्यबळ कुठून येतं? तेच आधी एक तास द्यायचं होतं.

आणि तक्रार न ऐकण्याची किंमत कशी मोजली जाते ते घरात बघायला मिळतं. ठाण्यातून हात हलवत परत आलेल्या पोरीला घरचे म्हणतात, नोकरी सोड. गावी जा आजीकडे. लग्न उरकून टाकू. धमकी देणारा नोकरीवर जातो, कट्ट्यावर बसतो, क्रिकेट खेळतो, आणि हिचं फिरणं बंद. पोलिसांनी जो बाँड त्याच्याकडून घ्यायचा तो घरच्यांनी हिच्याकडून घेतलेला असतो. म्हणून तर मुली सांगत नाहीत. बाबांना नको सांगूस ह्याचा अर्थ हा असतो.

तर माझं म्हणणं काही फार अवघड नाहीये. १९९ च्या यादीत ७८ आणि बाईला दिलेली जीवे मारण्याची धमकी घाला. धमकीची एनसी आपोआप एखाद्या महिला अधिकाऱ्याकडे जाऊ द्या आणि तिनं आठ दिवसांत बाईला फोन करावा, एकटीला. त्याच माणसाविरुद्ध दुसरी एनसी आली तर चॅप्टर घ्यायचीच, आणि नाही घेतली तर का नाही ते लिहायचं, सहीनिशी. तक्रार मागे घ्यायला आली तर तिला त्याच्यासमोर लिहायला लावू नका. प्रिंटचं ते झेरॉक्सचं दुकान बंद करा, ठाण्यात एक प्रिंटर ठेवा, बाईचा मोबाईल तिथंच लावा.

हे होऊ शकतं ह्याचा पुरावा माझ्याकडे आहे. त्याच दिवशी आम्ही निघताना एक महिला हवालदार मागून आल्या, गेटजवळ त्यांनी तो कागद मागितला, मागच्या बाजूला स्वतःचा नंबर लिहिला आणि म्हणाल्या, त्याचा नंबर सांग. तिथंच उभं राहून लावला. ठाण्यातून बोलतेय, तुझी सत्तावीस पानं माझ्यासमोर आहेत, उद्या अकराला वडिलांना घेऊन यायचं. एवढंच. तो आला, वडील आले, लिहून दिलं. नंतर दोन महिने दर सोमवारी ताईंचा भाचीला फोन, ठीक आहे ना गं? सहावा नंबर बंद झाला, सातवा आला नाही. ह्यातलं काहीच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या जीआरमध्ये नव्हतं, त्यांना ते करावंसं वाटलं म्हणून झालं. दुसऱ्या कुणाची ड्युटी असती तर झालं नसतं.

पुढच्या वर्षी ताईंची बदली झाली. आता भाचीचं लग्न ठरलंय, मुलगा चांगला आहे, त्याला सगळं सांगितलंय, तारीख काढलीय. आणि गेल्या महिन्यात, अडीच वर्षांनी, एका नवीन नंबरवरून तिला नुसता अंगठा आला, बाकी काही नाही. तो त्याचाच आहे का ते माहीत नाही. आम्ही परत गेलो, तो जुना कागद आणि लग्नाची पत्रिका घेऊन. टेबलावर वेगळे साहेब होते, जुनी एनसी त्यांना सापडली नाही, ताईंनी लिहून घेतलेला कागद तर कुठंच नव्हता. त्यांनी पत्रिका नीट वाचली, परत दिली, आणि म्हणाले, त्या दिवशी काही वाटलं तर ११२ ला फोन करा.

माझे दोन भाचे मंगल कार्यालयाच्या गेटवर उभे राहणार आहेत, सकाळी हळदीपासून रात्री पाठवणीपर्यंत, पाळीपाळीनं जेवतील म्हणाले. त्याचा फोटो त्या दोघांच्या मोबाईलवर मीच पाठवलाय.